शुभ्र वस्त्रे आणि कॅमेऱ्याची नजर

घोडबंदर रोडवरील आपल्या विद्यालयात बुद्धपौर्णिमेला शुभ्र वस्त्रांतील मुलांचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचे भिंग कधीकधी पुढेमागे सरकतच राहते. असे का होते, हे आम्ही येथे सांगत आहोत. एका पद्धतीत कॅमेरा भिंग सरकवीत छायाप्रकाशाचा भेद मोजतो; भेद सर्वाधिक असेल तेथे प्रतिमा सुस्पष्ट असते. १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून रूढ झालेल्या दुसऱ्या पद्धतीत, भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना होऊन सरकण्याची दिशा व अंतर तत्काळ कळते. दोहोंनाही ठळक कडा लागते; कोऱ्या पांढऱ्या कापडावर ती मिळत नाही. म्हणून नेम मुलांच्या डोळ्यांवर धरावा. दूर गावच्या मातापित्यांकडे वर्षभर तेच छायाचित्र असते. त्यात लेकराचा चेहरा स्पष्ट दिसलाच पाहिजे.