मासे नंतर, आधी पाणी



शोभेचे मासे वाढवून विकायचे, असा विचार बऱ्याच बचत गटांत होतो. जागा थोडी लागते, घरचं काम सांभाळून जमतं. आमच्या गटानंही तो केला. बाजारातून काचेची टाकी आणली, त्याच संध्याकाळी नळाचं पाणी भरलं आणि तीस गप्पी सोडले. पाणी अगदी आरशासारखं होतं. दहा दिवसांत चारच मासे उरले. गटाचे पैसे गेले आणि घरची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज पाण्याबद्दल बोलू.

नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. तिच्यातला क्लोरीन आपल्याला रोगजंतूंपासून वाचवतो, पण माशांचे कल्ले भाजून काढतो. म्हणून पाणी टबात एक-दोन दिवस उघडं ठेवा. हवेचा पंप लावला तर क्लोरीन लवकर उडतो. बोअरच्या पाण्यात पावडर टाकलेली नसली, तरी त्यात प्राणवायू कमी असतो. तेही दिवसभर हवा देऊन मगच वापरा. पाणी जड असलं तरी गप्पी आणि मॉलीला चालतं.

टाकी सिमेंटची नवी असेल तर तिच्यातून चुना पाण्यात उतरतो. त्या पाण्यात मासा टिकत नाही. टाकी भरून तिच्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाका, चार-पाच दिवसांनी पाणी बदला. असं दोन-तीन आठवडे करा. मग टाकी घासून धुवा, पण साबण लावू नका.

आता मुख्य गोष्ट. मासा ज्या पाण्यात खातो, त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. गोठा झाडायचा राहिला की डोळ्यांना झोंबतो, तोच हा. पाण्यात मात्र तो दिसत नाही. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं. शेतातलं शेणखत पिकाला लागू पडतं, तेही अशाच जिवाणूंमुळे.

हे जिवाणू वाळूवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर घर करतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. पुरेसे वाढायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. आमचे मासे मेले ते यामुळेच. पाणी स्वच्छ होतं, पण तयार नव्हतं.

मग करायचं काय? टाकीत धुतलेली वाळू आणि मुरवलेलं पाणी भरा. फिल्टर सुरू करा आणि तो रात्रंदिवस चालू ठेवा. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. दुधाला जसं विरजण लावतो, तसं इथंही लावता येतं. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज किंवा मूठभर वाळू ओलीच आणून घाला. काम लवकर होतं.

पाणी तयार झालं का, हे डोळ्यांनी कळत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात तपासणीचं किट मिळतं. गटात मिळून एक घ्या. अमोनिया आणि नायट्राइट आधी चढतात आणि मग उतरतात. दोन्ही शून्यावर आले की थोडं पाणी बदला आणि मासे आणा.

तेही एकदम नको. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण पन्नास लिटर पाणी बसतं. तिच्यात आधी पाच-सहा गप्पी सोडा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तिच्यात टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळा आणि जाळीनं मासे सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पुढची भर आठवड्या-दोन आठवड्यांनी घाला.

नंतरही आठवड्याला पाव भाग पाणी बदला. काढलेलं पाणी परसातल्या भाजीला घाला, नायट्रेट हे तिचं खतच आहे. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, नाहीतर महिनाभर वाढवलेले जिवाणू क्लोरीननं मरतील. काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

मैत्रिणींनो, गटात हिशेब मांडताना हा बिनकमाईचा महिना आधीच धरा. कर्जाचा हप्ता त्या महिन्यात सुरू झाला की घाई होते, आणि घाईत मासे मरतात. दुसऱ्या खेपेला आम्ही दीड महिना नुसती पाण्याची टाकी सांभाळली. लोक हसले. पण या खेपेला मासे जगले, आणि आता त्यांची पिल्लं आम्ही विकतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!