धडधाकट दिसणारी गाय आणि आयबीआर

आज चेन्नईच्या वेस्ट मांबलममधून बोलतोय. इथे गल्लीत मोकळ्या गाई एकमेकींना हुंगताना दिसतात. आयबीआर हा श्वसनाचा विषाणूजन्य आजार असाच नाकाला नाक लागून पसरतो. ताप येतो, नाक गळतं. गाभण गाय गाभडूही शकते. बरी झालेली गायही विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर बाळगते. प्रवासाचा, विण्याचा ताण आला की तो पुन्हा बाहेर पडतो. म्हणून नवी गाय घेण्याआधी रक्त तपासा. आणल्यावर 30 दिवस वेगळी बांधा. बादली, गव्हाण निराळी ठेवा. तिचं चारापाणी, धार शेवटी करा. मग हात, गमबूट धुवा. रेतनासाठी तपासलेल्या वळूचंच वीर्य वापरा. औषधाने हा विषाणू जात नाही. त्याला गोठ्याबाहेरच अडवायचं.