हनुहीन मत्स्य : एका अभावदर्शक संज्ञेविषयी

रायपूरलगतच्या बीरगाव परिसरातील चुनखडीत माशाची अस्थी शोधणे व्यर्थ होय. छत्तीसगढ खोऱ्याचे हे थर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांत सूक्ष्मजीवांनी रचलेल्या स्तरित राशी तेवढ्या आढळतात. उलट महाराष्ट्राचा काळा पाषाण अवघ्या ६.६ कोटी वर्षांचा. कवचधारी हनुहीन, म्हणजे जबडा नसलेले, मत्स्य या दोहोंच्या मधल्या काळात, सुमारे ४८ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी, नांदले. मराठी वाचकाला ते आपल्या दगडांतून नव्हे, तर परिभाषेतून भेटतात. आणि अडचण तेथेच आहे.

आगासी याने १८३५ मध्ये यांपैकी एकाला 'सेफॅलॅस्पिस', म्हणजे 'शिरोढाल', असे नाव दिले. पुढे कोप याने १८८९ मध्ये योजिलेल्या 'ऑस्ट्रॅकोडर्म' या संज्ञेतील ग्रीक पदाचा अर्थ शिंपला, तसाच खापरही. (अथेन्सचे नागरिक हद्दपार करावयाच्या माणसाचे नाव खापरावर लिहीत, मराठीतही खापर कोणाच्या तरी माथी फुटतेच.) ही नावे त्या प्राण्यांपाशी काय होते ते सांगतात. 'हनुहीन' ही संज्ञा मात्र काय नव्हते एवढेच सांगते, आणि केवळ अभावाच्या आधारे परस्परांहून भिन्न कुळे एकत्र बांधते. साहित्येतिहासातील 'आधुनिकपूर्व' या गाठोड्याची गत याहून फारशी निराळी नाही.

हेटरोस्ट्रॅकी गटातील माशांचे डोके अस्थिपट्टांत बंदिस्त असे. त्या अस्थीत पेशी नव्हत्या, शरीराला जोडपर नव्हते आणि प्रत्येक बाजूच्या कल्ल्यांना बाहेर उघडणारे एकच द्वार होते. ऑस्टिओस्ट्रॅकी गटाची अस्थी पेशीयुक्त होती आणि त्यांतील बहुतेकांना डोक्यामागे परांची जोडी होती. स्टेन्शो याने १९२७ मध्ये स्पिट्सबर्गेनमधील अशा जीवाश्मांचे थरामागून थर घासून त्यांच्या मस्तकातील मज्जातंतूंचे मार्ग रेखाटले. त्याला त्यांचे नाते आजच्या लॅम्प्रे या जबडाविहीन प्राण्याशी दिसले. आजचे मत याच्या उलट आहे : ऑस्टिओस्ट्रॅकी लॅम्प्रेपेक्षा जबडा असलेल्या प्राण्यांना, अर्थात आपल्यालाही, अधिक जवळचे ठरतात.

चीनमधील गॅलिॲस्पिड गटाच्या 'शूयू' या माशाच्या मस्तकाचे क्ष-किरणांद्वारे झालेले परीक्षण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅम्प्रेच्या मस्तकात मध्यभागी असलेली एकच घ्राणनलिका जबड्याच्या ऊतींना पुढे वाढू देत नाही. शूयूमध्ये मात्र दोन्ही नासाकोश एकमेकांपासून विलग झालेले होते. जबडा अद्याप नव्हता. त्याची जागा मोकळी झालेली होती.