कृष्णधवल इंकजेट छपाईतील छटादोष : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कृष्णधवल छायाचित्राचा सारा आशय काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या उतरंडीवर उभा असतो, आणि रंगीत छपाईत सहज खपून जाणारी चूक येथे लपत नाही. तरीही छपाई बिघडली की दोष प्रिंटरच्या माथी मारला जातो. प्रत काळपट आली म्हणजे प्रिंटर सदोष, हा यातील सर्वात रूढ गैरसमज होय. वस्तुतः मॉनिटर स्वतः प्रकाश देतो, तर कागद केवळ पडलेला प्रकाश परतवतो. त्यामुळे मॉनिटरची प्रखरता वाजवीपेक्षा जास्त ठेवलेली असेल, तर त्यावर उजळ दिसणारे चित्र कागदावर अंधारे दिसणारच. ही प्रखरता दर चौरस मीटरला 80 ते 120 कँडेलांच्या दरम्यान आणून प्रत पुरेशा उजेडात पाहिल्याखेरीज मूळ फाइलला हात लावू नये.

केवळ काळी शाई वापरली की छपाई सर्वात शुद्ध होते, हा समज तर्काला पटणारा असला तरी चुकीचा आहे. इंकजेट यंत्र शाई पातळ करून करडी छटा बनवत नाही, तर ठिपक्यांचा आकार आणि त्यांमधील अंतर बदलून ती भासवते. म्हणून एकाच काळ्या शाईने छापलेल्या उजळ भागात, उदाहरणार्थ ढगांत किंवा चेहऱ्याच्या कांतीत, विरळ काळे ठिपके रवाळपणे डोळ्यांना जाणवतात. 2005 मध्ये एप्सनने आणलेल्या अल्ट्राक्रोम के3 शाईसंचात काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन शाया एकत्र आल्या, त्या याच अडचणीवर उपाय म्हणून. शिवाय कार्बनचे रंगद्रव्य मुळात किंचित तपकिरीकडे झुकणारे असल्याने तटस्थ करडा रंग मिळवण्यासाठी थोड्या रंगीत शाईची जोड द्यावीच लागते.

फाइलमधून रंग काढून टाकला की कागदावर रंगाची झाक येऊच शकत नाही, हेही खरे नाही. करड्या छटा मुख्यतः रंगीत शायांच्या मिश्रणातून छापल्या गेल्या, तर तीच प्रत एका दिव्याखाली हिरवट आणि दुसऱ्याखाली जांभळट भासू शकते. छपाईच्या व्यवहारात यास मेटामेरिझम म्हणतात. उजेड बदलला की झाक बदलत असेल, तर कारण हेच समजावे. मात्र कोणत्याही उजेडात झाक तशीच राहत असेल, तर संपादनाचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर हे दोघेही रंगनियंत्रण करत आहेत का, किंवा कागदाचे प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर ती शाई कशी उमटते याची नोंद असलेली फाइल, चुकीचे निवडले आहे का, ते तपासावे.

जास्त शाई ओतून काळा अधिक गडद करता येतो, ही समजूत विशेषतः मॅट कागदाचे नुकसान करते. अशा कागदावर काळ्याची घनता साधारण 1.6 पर्यंत पोहोचते, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अडीच टक्के परत येतो, तर चकचकीत कागदावर ती 2.3 पर्यंत जाऊन परत येणारा प्रकाश अर्ध्या टक्क्यावर उतरतो. ही मर्यादा कागदाच्या पृष्ठभागाची आहे. तिच्यापुढे शाई वाढवली की सावल्यांमधील तपशील एकमेकांत मिसळतात. मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक आणि चकचकीतसाठी फोटो ब्लॅक ही काळ्या शाईची निवड मात्र चुकता कामा नये.

दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्यासाठी 0 ते 100 टक्क्यांपर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या 21 पायऱ्यांची करडी पट्टी छापावी आणि ती पूर्ण वाळल्यावरच, शक्यतो दुसऱ्या दिवशी, पाहावी. पट्टी समतोल उतरली, तर दोष छायाचित्राच्या फाइलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये असतो. शेवटच्या गडद पायऱ्या एकरूप झाल्या, तर शाईचे प्रमाण किंवा कागदाची निवड चुकलेली असते. आडव्या रेषा दिसल्या तर नोझलची चाचणी घ्यावी आणि तिच्यात खंड आढळला तरच हेड स्वच्छ करावे, कारण प्रत्येक सफाईत शाई वाया जाते आणि ती शोषणारा पॅड भरत जातो.