बुरशीचे धान्य व यकृताचा कर्करोग

भुईमुगाच्या शेंगा, मका किंवा खरिपाची ज्वारी काढणीच्या दिवसांत पावसात सापडली म्हणजे तिच्यावर बुरशी धरते, हे नांदेड-लातूरकडील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. २०२१ च्या सप्टेंबरात मांजरेच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली तेव्हा शेतात पाणी साचून हाती आलेला माल भिजला. अशा वर्षी त्यातल्या त्यात चांगले धान्य बाजारात जाते आणि काळवंडलेले, सुरकुतलेले, फुटके दाणे घरच्या कणगीत राहतात. घरी राहिलेल्या या दाण्यांविषयी शिक्षकांस थोडी माहिती असणे अगत्याचे आहे, कारण त्यांतील एक विष यकृताच्या कर्करोगास कारण होते.

या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते 'अस्परजिलस फ्लेव्हस' नावाच्या पिवळसर हिरव्या बुरशीपासून उत्पन्न होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध करता करता बोट त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीकडे वळले आणि पेंडीतून हे विष हाती लागले. पोटात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर करू लागते, आणि या रूपांतरातच अधिक घातक द्रव्य तयार होऊन ते पेशींच्या आनुवंशिक द्रव्यास चिकटते. हे वर्षानुवर्षे थोडेथोडे घडत राहिले की पुढे कर्करोग उद्भवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली अफ्लाटॉक्सिनास मनुष्यात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणले.

एकदम मोठी मात्रा पोटात गेली तर कर्करोगापर्यंत वाट पाहावी लागत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला. मका हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्या आदिवासी कुटुंबांत कावीळ व जलोदराची साथ उठली. चारशेच्या आसपास लोक आजारी पडले आणि शंभराहून अधिक दगावले. घरातील उष्टे खाणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी कारण शोधले, तेव्हा त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन आढळले. तेथे दोष कोणाच्या अज्ञानाचा नव्हता. दुसरे धान्य घरात नव्हते, हेच खरे कारण होते, आणि पालकांशी या विषयावर बोलताना शिक्षकाने ते विसरू नये.

'हिपॅटायटिस बी' या विषाणूच्या काविळीने ग्रासलेल्या मनुष्यास हे विष फारच अधिक बाधते. चीनमधील शांघाय येथे झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, केवळ विषाचा संसर्ग असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट, केवळ विषाणू असलेल्यांत सुमारे सातपट, आणि दोन्ही असलेल्यांत जवळजवळ साठपट दिसून आला. सबब नवजात बालकास जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यावयाची आणि पुढे ६, १० व १४ व्या आठवड्यांत द्यावयाची या विषाणूची लसही या कर्करोगावरील उपायच होय. शाळेत येणाऱ्या मातांना हे सांगणे अवघड नाही.

शिक्षकांच्या नित्य व्यवहारात एक गैरसमज मात्र होण्याचा संभव आहे. पोषण आहार वाटण्यापूर्वी शिक्षकाने चव पाहावी असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. परंतु या विषास चव नाही, वास नाही. दाणा खवट लागला तर तो टाकावा हे खरे, पण खवट न लागणारा दाणा निर्दोष असतोच असे नाही. शिजविल्याने, भाकरी भाजल्याने किंवा शेंगदाणे भाजून चटणी केल्यानेही विष पूर्णपणे नाहीसे होत नाही. बुरशी पुसून काढली तरी विष दाण्यातच राहते. उलटपक्षी काळी पडलेली प्रत्येक ज्वारी विषारी असते असेही नव्हे. ज्वारी काळी करणाऱ्या बुरशी पुष्कळदा दुसऱ्याच असतात. तथापि घरच्या घरी हा भेद करण्याचे साधन नाही, म्हणून काळे दाणे वेगळे काढणे हेच शहाणपणाचे.

सुदैवाने निवडण्याचा उपयोग मोठा आहे. विष सर्व पोत्यात सारखे पसरलेले नसते. ते थोड्या दाण्यांत साठलेले असते, आणि हे दाणे बहुधा फुटके, किडके, सुरकुतलेले किंवा रंग बदललेले असतात. आपल्या बायाबापड्या सुपात पाखडून जे करीत आल्या तेच येथे कामास येते. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात वीस खेड्यांत प्रयोग झाला. दहा खेड्यांना भुईमूग हाताने निवडणे, चटईवर उन्हात नीट वाळविणे, तागाच्या पोत्यांत भरणे व पोती लाकडी फळ्यांवर ठेवणे अशा साध्या गोष्टी शिकविल्या. पाच महिन्यांनी त्या खेड्यांतील लोकांच्या रक्तातील या विषाची खूण उरलेल्या दहा खेड्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. यात यंत्र नाही, औषधाचा मोठा खर्चही नाही.

आपल्याकडे शेंगा फोडण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडण्याची जी रीत आहे ती सोडावी. ओल आत शिरून दाणा साठवणीत बिघडतो. शेंग कानाशी हलविली असता दाणा खुळखुळला तर ती बरीच वाळली असे समजावे. शाळेच्या धान्याची पोती भिंतीस टेकून वा फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावी, आणि गळके छप्पर प्रथम दुरुस्त करून घ्यावे.

ज्वारी किंवा मका वाळला की नाही हे पाहण्याची एक रीत चौथी-पाचवीची मुले आनंदाने करतील. कोरड्या काचेच्या बाटलीचा तिसरा हिस्सा दाण्यांनी भरून त्यात चमचाभर कोरडे मीठ घालावे, बूच लावून मिनिटभर हलवावे व पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेस चिकटले तर ओल सुमारे १५ टक्क्यांहून अधिक आहे. धान्य पुन्हा उन्हात घालावे. मीठ चिकटले नाही तरी एक-दोन दिवस आणखी ऊन द्यावे, कारण दीर्घ साठवणीस १२ टक्क्यांच्या आसपास ओल बरी. शेंगदाण्यास ही कसोटी पुरत नाही. त्यास याहूनही कोरडेपणा लागतो.

निवडून काढलेले दाणे दुभत्या म्हशीपुढे घालणे हा त्यांचा उपयोग नव्हे. ते विष रूप पालटून दुधात उतरते आणि तेच दूध पुन्हा मुलांच्या पेल्यात येते. कोंबड्यांनाही ते घालू नये. घराबाहेर खड्डा करून पुरून टाकावे.