बोईसर-पालघरमध्ये गाडीच्या डिटेलिंगवर किती खर्च करायचा? आधी हे नारिंगी ठिपके समजून घ्या

बोईसरमध्ये दोन-तीन वर्षं जुनी, उघड्यावर उभी राहणारी पांढरी गाडी दिसली तर तिच्या बॉनेटकडे जरा जवळून बघा. टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसण्याची बरीच शक्यता आहे. पाण्यानं ते जात नाहीत आणि हात फिरवला तर बारीक खरखर जाणवते.

मालकाला वाटतं, पत्रा आतून गंजतोय. दुकानात विचारलं तर सल्ला मिळतो, 'सिरॅमिक कोटिंग करून घ्या, टेन्शनच नाही.' दर विचारला की २०-२५ हजारांचा आकडा कानावर पडतो.

७ लाखांचं कर्ज, ७ वर्षांची मुदत आणि ९ टक्के व्याज धरलं तर गाडीचा महिन्याचा हप्ता साधारण ११,२६० रुपये येतो. म्हणजे हे कोटिंग जवळपास दोन हप्त्यांचं झालं. त्यातून ते ठिपके जाणार का? नुसत्या कोटिंगनं नाही जाणार. मग पैसे नेमके कशावर घालायचे?

इथल्या गाडीवर नक्की काय बसतं?

ते ठिपके बहुतेक वेळा पत्र्याचा गंज नसतात. हवेतून आलेले लोखंडाचे अतिसूक्ष्म कण रंगाच्या वरच्या थरात रुततात, दव-पावसानं ओले होतात आणि तिथेच गंजतात. गंज त्या कणाचा असतो, गाडीचा नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

हे कण येतात कुठून? रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक एकमेकांवर घासतात तेव्हा लोखंडाची धूळ उडते. सकाळी स्टेशनजवळ गाडी लावून विरार-मुंबईला जाणाऱ्यांची गाडी दिवसभर याच धुळीत उभी असते. शिवाय स्टीलचं कटिंग-ग्राइंडिंग चालणारे कारखाने आणि वर्कशॉप आहेतच.

तारापूर एमआयडीसीत स्टीलबरोबर केमिकल, औषधं आणि कापड असे सगळेच उद्योग आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वात वर होतं. ७० च्या वर गेलं की पट्टा 'अतिप्रदूषित' धरला जातो. हा निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन असा तिन्हीचा मिळून असतो. त्यात गाडीच्या रंगाचा काही संबंध नाही, पण गाडी कुठल्या हवेत उभी आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

त्यात समुद्राची भर. चिंचणी, तारापूर, सातपाटी, केळवे या पट्ट्यात खारा वारा रोजचाच. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलसर राहतो आणि गंजाला आयतं निमित्त मिळतं.

तिसरी गोष्ट बांधकामाची धूळ. बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा एक्स्प्रेसवे अशी मोठी कामं याच जिल्ह्यातून गेली आहेत. सिमेंटची धूळ दवात भिजली तर रंगावर पांढरट डाग पडतात.

आणि गाडी वाडीत झाडाखाली लावत असाल तर चीक, पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा आलीच. विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात काही तास राहिली तरी रंगावर कायमचा डाग पडू शकतो.

रंग म्हणजे बँकेतली शिल्लक

गाडीच्या रंगाचे थर असतात. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक 'क्लिअर कोट'. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन होतं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहूनही पातळ थरावर उभी आहे.

'रबिंग-पॉलिश' करतात तेव्हा या क्लिअर कोटचा वरचा भाग घासून काढला जातो. ओरखडे भरले जात नाहीत. त्यांच्या आजूबाजूचा थरच त्यांच्या पातळीला आणला जातो. एका वेळी एक-दोन मायक्रॉन गेले तर बिघडत नाही. पण दर दिवाळीला 'गाडी नवी दिसली पाहिजे' म्हणून जोरात रबिंग केलं तर शिल्लक संपते. मग रंग फिका पडतो, पापुद्रे सुटतात आणि अख्खं पॅनल पुन्हा रंगवावं लागतं.

म्हणून पॉलिश जितकं कमी लागेल तितकं बरं. आणि ते कमी लागणं रोजच्या सवयीवर ठरतं.

सगळ्यात महाग पडतो तो कोरडा फडका

सोसायटीत महिन्याच्या पैशांवर गाडी पुसून घेण्याची पद्धत आहे. रोज सकाळी तेच फडकं आणि अर्धी बादली पाणी घेऊन दहा गाड्या पुसल्या जातात. कधीकधी फडकं कोरडंच असतं.

गाडीवर मीठ, वाळू आणि लोखंडाचे कण बसलेले असताना कोरडं फडकं फिरवणं म्हणजे बारीक सँडपेपर फिरवणं. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते यातूनच आलेले असतात. चूक पुसणाऱ्याची नाही, त्याला तेच सांगितलेलं असतं. रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुऊन घ्या. पैसे तेवढेच ठेवा.

नीट धुणं म्हणजे काय?

- आधी नुसतं पाणी मारून धूळ-माती उतरवायची.
- दोन बादल्या घ्यायच्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळून काढायला साधं पाणी.
- वरून खाली यायचं. टायर आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्यानं.
- भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरायची नाही. वॅक्स निघून जातं.
- लगेच मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचं. किनाऱ्याजवळ काही ठिकाणी बोअरचं पाणी मचूळ असतं. ते गाडीवरच वाळलं तर क्षारांचे डाग राहतात.

पाइप सोडून धुण्यापेक्षा यात पाणीही कमी लागतं. याच जिल्ह्यात मोखाड्यात उन्हाळ्यात टँकर येतात, हे विसरून चालणार नाही.

दुकानात जे विकलं जातं ते नेमकं काय करतं?

दर दुकानागणिक आणि गाडीच्या आकारानुसार बदलतात. खालचे आकडे छोट्या-मध्यम गाडीसाठीचे ढोबळ बाजारभाव समजा.

क्ले बार आणि आयर्न रिमूव्हर (१,५०० ते २,५०० रुपये): नारिंगी ठिपक्यांवरचा खरा इलाज हा. आयर्न रिमूव्हर फवारला की लोखंडाच्या कणांशी त्याची रासायनिक क्रिया होऊन जांभळे ओघळ येतात. उरलेले कण मऊ चिकणमातीसारख्या क्ले बारनं उचलले जातात. गरज आहे का हे घरीच तपासता येतं. धुतलेल्या गाडीवर, हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटं फिरवा. खरखर लागली तर गरज आहे.

वॅक्स किंवा 'टेफ्लॉन' (१,००० ते ४,००० रुपये): काही महिने टिकणारा संरक्षक थर. नावावर जाऊ नका. तव्यावर टेफ्लॉन बसवायला ३०० अंशांहून जास्त तापमान लागतं, गाडीवर तसं काही होत नाही. हेही मुळात चांगलं पॉलिमर वॅक्सच. वाईट नाही, फक्त जास्त दिवस टिकत नाही.

सिरॅमिक कोटिंग (१० ते ३० हजार रुपये): सिलिकावर आधारित द्रव, जो सुकून कडक होतो. याची जाडी साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी. पाणी आणि घाण पटकन घसरते, धुणं सोपं होतं, आम्लधर्मी डागांना थोडा वेळ तोंड देता येतं. पण '९ एच, ओरखडाच पडणार नाही' हा दावा समजून घ्या. ९ एच हा पेन्सिलच्या कडकपणाचा मापदंड आहे. ९ एचच्या पेन्सिलनं ओरखडा पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिलपेक्षा कितीतरी कठीण असतो.

पीपीएफ (पूर्ण गाडीला ६० हजार ते २ लाख रुपये): साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. उडालेल्या खडीपासून खरं संरक्षण हीच देते. मनोर-चारोटी पट्ट्यात हायवेवर डंपरमागून रोज जावं लागत असेल तर फक्त बंपर, बॉनेटची पुढची कड आणि दारांच्या कडा झाकून घेणं परवडतं. ८ लाखांच्या गाडीला लाखाची फिल्म लावणं ही हौस आहे. हौस म्हणून करायला हरकत नाही, बचत समजून करू नका.

चकाकी वर, नुकसान खाली

किनाऱ्यालगतची गाडी संपते ती खालून. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, सायलेन्सर, नट-बोल्ट. तिथे मीठ आणि चिखल साचतो आणि तिथे कुणी कोटिंग करत नाही.

म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा वॉशिंग सेंटरवर गाडी वर उचलून खालून धुऊन घ्यायची. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा. दारांच्या खाली पाणी निघायला बारीक छिद्रं असतात. ती चिखलानं बुजली तर पाणी आतच राहतं, ती मोकळी करून घ्यायची. खडी लागून रंग उडाला असेल तर काही शे रुपयांचा टचअप रंग लगेच लावायचा. आणि रील काढायला गाडी वाळूत उतरवायची नाही. उतरलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवायची.

आतून काय करायचं? पावसाळ्यात मॅट उचलून खालचा गालिचा ओला आहे का बघायचं. कुबट वास येतो तो तिथूनच. हजाराचा परफ्यूम घेण्याआधी मॅट उन्हात वाळवा आणि एसीचा फिल्टर बदला.

मग आकडा किती?

विम्यात गाडीची किंमत कशी घटते ते बघा. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के. ८ लाखांची गाडी पाचव्या वर्षी कागदावर ४ लाखांची असते. त्यामुळे एक सोपा अंदाज धरता येईल. वर्षाचा स्वच्छता-संरक्षणाचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास ठेवा.

नव्या ८ लाखांच्या गाडीला म्हणजे ८ हजार. यात काय बसतं? शॅम्पू आणि फडकी ८००, वॉशिंग सेंटरच्या सहा खेपा प्रत्येकी ४०० प्रमाणे २,४००, वर्षातून एकदा क्ले आणि वॅक्स ४,०००. एकूण ७,२००. ४ लाखांच्या गाडीला ४ हजार. मग वॉशिंग सेंटर तेवढंच ठेवून क्ले आणि वॅक्स घरी करायचं.

यापुढे जायचं का, हे तीन प्रश्नांवर ठरवा.

गाडी रात्री कुठे असते? पालघरमध्ये इमारतीखाली झाकलेलं पार्किंग असेल तर वॅक्स पुरे. एमआयडीसीलगत किंवा सातपाटी-केळव्यासारख्या ठिकाणी उघड्यावर असेल तर कोटिंगचा उपयोग जास्त. धुळीवर कापडी कव्हर मात्र रोज ओढू नका, तेही घासतंच.

किती वर्षं ठेवणार? सहा-सात वर्षं ठेवायची असेल तर नव्या गाडीवर एकदाचं कोटिंग वसूल होऊ शकतं. दोन वर्षांत विकायची असेल तर नाही. विकताना गिऱ्हाईक अपघात, गंज, सर्व्हिसचे कागद आणि आतली स्वच्छता बघतं. तुम्ही कोटिंगला किती दिले, हे विचारत नाही.

धुणार कोण? कोटिंग केलेली गाडीही धुवावी लागते. आठवड्याला अर्धा तास निघत नसेल तर आधी धुण्याची सोय करा, कोटिंगचं नंतर बघू.

पैसे देण्याआधी दुकानात हे विचारा

- कोटिंगच्या आधी आयर्न रिमूव्हर आणि क्ले करणार का? नाही केलं तर ठिपके कोटिंगखाली तसेच राहतील.
- पॉलिश किती करणार? रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का?
- पाच वर्षांच्या वॉरंटीत दरवर्षीची 'मेंटेनन्स' भेट सक्तीची आहे का आणि तिचे पैसे किती?
- कोटिंग सुकायला गाडी किती वेळ आत ठेवणार? ऐन जुलैत करून लगेच उघड्यावर लावायची असेल तर पाऊस संपेपर्यंत थांबलेलं बरं.
- वॉरंटी कागदावर कुणाची आहे, कंपनीची की दुकानाची?

या पाचांची सरळ उत्तरं मिळाली तर खुशाल करून घ्या. नाही मिळाली तर दोन बादल्या, चार फडकी आणि महिन्यातून एकदा खालून धुतलेली गाडी एवढ्यावर इथल्या हवेत बरंच निभावतं. वाचलेले दोन हप्ते खिशात राहतात, ते वेगळंच.