घरातील काचकाम आणि हवेचा बंदोबस्त : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काचेचा उद्योग महाराष्ट्राला परका नाही. पैसा फंडाच्या लोकवर्गणीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला, आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंनी काढलेल्या कारखान्याचे ‘प्रभाकर’ कंदील वीज पोचण्यापूर्वीच्या काळात खेड्यापाड्यांतील घरांत जाऊन पोचले. परंतु भट्टी कारखान्याच्या आवारात असावयाची आणि माणसाने काम आटोपून घरी यावयाचे, ही त्या काळची सरळ विभागणी आता उरलेली नाही. आगीच्या भयाने काचभट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर हलविण्याचा हुकूम व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ साली काढला होता. आज पुण्यामुंबईच्या सदनिकांतून, टेबलाच्या कडेला बसविलेला टॉर्च, त्याला जोडलेले गॅस आणि प्राणवायूचे नळ, रंगीत काचेच्या कांड्या आणि कोपऱ्यात विजेची लहान भट्टी एवढ्या सामग्रीवर मणी, पदके व चिमुकली पात्रे घडविणारी मंडळी दिसू लागली आहेत. ही कला सुंदर आहे आणि ती घरोघर रुजावी असे मला मनापासून वाटते. म्हणूनच तिच्याविषयी जे समज प्रचलित आहेत त्यांची छाननी व्हावयास हवी.

पहिला आणि सर्वांत मूळचा समज असा की, काम लहान म्हणून धोकाही लहान. कारखान्याच्या मानाने आपण काच किती वितळवतो, असा हिशेब मांडला जातो, आणि तो चुकीच्या खात्यावर मांडलेला असतो. गॅस आणि शुद्ध प्राणवायू यांच्या मिश्रणाची ज्योत सुमारे २८०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. म्हणजे व्हेनिसच्या कोणत्याही जुन्या भट्टीहून ती कितीतरी प्रखर असते, आणि काम करणाऱ्याचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर, तासन्‌तास, खाली वाकलेला असतो. वितळलेल्या काचेचे वजन किती यापेक्षा ज्योतीतून निघणारे वायू कोणाच्या नाकापाशी जातात, हा खरा प्रश्न आहे.

‘काचेला ना धूर ना वास, मग हवा बिघडते कशाने?’ असे पुष्कळ जण विचारतात. हवा बिघडविण्याचे काम काच फारसे करीत नाही, ज्योत करते. आपण श्वासात घेतो त्या हवेत चार पंचमांशाच्या आसपास नायट्रोजन असतो. एरवी तो निष्क्रिय राहतो, परंतु इतक्या उच्च तापमानाला त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड आणि पुढे नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. हा दुसरा वायू फुप्फुसांचा वैरी आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने पंधरा मिनिटांच्या सरासरीवर त्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत केवळ एक भाग अशी सुचविलेली आहे. त्याची खोड अशी की, अधिक प्रमाणात तो छातीत गेला तरी त्या क्षणी थोडा खोकला, घशाची किंचित खवखव याहून फारसे काही जाणवत नाही, आणि फुप्फुसांत पाणी साठून धाप लागण्याचा खरा प्रकार काही तासांनी, कधी रात्र उलटल्यावर, सुरू होतो; तोवर त्या मनुष्याला आपल्या सकाळच्या मणीकामाचे स्मरणही उरत नाही. जोडीला कार्बन मोनॉक्साइड असतोच. त्याला रंगही नाही आणि गंधही नाही. त्याची खबर देणारे बॅटरीवरचे यंत्र बाजारात मिळते आणि ते प्रत्येक काचशाळेत असलेच पाहिजे.

आता खिडकीकडे येऊ, कारण घरोघरची भिस्त तिच्यावर असते. ‘खिडकी उघडी ठेवतो, वर पंखा चालू असतो’ हे वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. वस्तुतः उघडी खिडकी हवा आत आणील की बाहेर नेईल हे त्या दिवशीच्या वाऱ्याच्या मर्जीवर असते. आणि छताचा पंखा तर उलटेच कार्य करतो, कारण ज्योतीवरून सरळ वर चढणारा उष्ण वायूंचा स्तंभ तो मोडून टाकतो आणि जे वायू छताकडे जाऊन कदाचित बाहेर पडले असते, ते खाली ढकलून खोलीभर आणि काम करणाऱ्याच्या तोंडावर पसरवितो. काम चालू असताना छताचा पंखा बंद, हा नियम उन्हाळ्यातसुद्धा पाळावा.

यावर सुज्ञ मनुष्य भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवितो. पंखा चांगला असला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर दूषित हवा त्याच्याकडे जाताना माणसाच्या चेहऱ्यावरूनच जाते. म्हणून टॉर्चच्या मागे आणि वर, तीन बाजूंनी बंद असा पत्र्याचा हूड हवा, आणि त्याच्या तोंडातून हवा मिनिटाला सुमारे शंभर फूट वेगाने आत खेचली गेली पाहिजे, असे सामान्य प्रमाण धरतात. हे प्रमाण घरच्या खोलीला लावून पाहू. हूडचे तोंड चार फूट रुंद आणि दोन फूट उंच असेल तर क्षेत्रफळ आठ चौरस फूट. त्याला शंभराने गुणले असता मिनिटाला आठशे घनफूट हवा लागते, म्हणजे पंख्याच्या वेष्टनावर ज्या मापात क्षमता छापलेली असते त्या मापात ताशी सुमारे साडेतेराशे घनमीटर. शिवाय ही छापील क्षमता मोकळ्या हवेतली असते; डक्टची लांबी, त्यातील प्रत्येक वळण आणि तोंडावरची जाळी तिच्यातून आपला वाटा कापून घेतात, म्हणून डक्ट आखूड, गुळगुळीत आणि शक्य तितका सरळ ठेवून पंखा हिशेबाहून मोठा घ्यावा.

परंतु या हिशेबाचा उत्तरार्ध पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील कळीचा मुद्दा तोच आहे. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा खोलीत बाराशे घनफूट हवा असते. वरील पंखा ती दीड मिनिटात बाहेर काढतो. मग दुसऱ्या मिनिटाच्या पुढे पंख्याने काय ओढावे? दार लावलेले, खिडकी बंद, अशा खोलीत पंखा गरगर फिरत राहतो, आवाजही करतो, आणि हवा जवळजवळ हलत नाही. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत येण्याची तजवीज असल्यावाचून पंख्याला काही अर्थ नाही. ही येण्याची वाट डक्टच्या तोंडापेक्षा पुष्कळ मोठी असावी, हवा जेथून बाहेर टाकली जाते त्या जागेपासून दूर असावी, नाहीतर टाकलेलीच हवा परत येते. आणि ती काम करणाऱ्याच्या पाठीत थेट न घुसता थोडी बाजूने यावी, कारण पाठीवर आलेला झोत अंगाला वळसा घालून छातीपुढे भोवरा करतो आणि त्या भोवऱ्यात ज्योतीवरचे वायू नाकाकडे ओढले जातात.

येण्याची वाट ठेवली नाही तर पंखा ती स्वतः शोधून काढतो, आणि हा प्रकार आपल्याकडे विशेष घातक ठरू शकतो. पुष्कळ घरांच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो. बंद घरात जोरदार पंखा चालू असता घरातील दाब किंचित कमी होतो, आणि गीझरचा जो धूर त्याच्या नळातून बाहेर जावयाचा तो उलटा आत खेचला जातो. काचकाम एका खोलीत चालले आहे आणि कार्बन मोनॉक्साइड दुसऱ्या खोलीत अंघोळ करणाऱ्यावर उतरतो आहे, असे घडणे पूर्णपणे शक्य आहे. सबब टॉर्च आणि पंखा चालू असताना गॅसचा गीझर कोणीही लावू नये, अशी घरात सक्त ताकीद असावी.

व्यवस्था ठीक आहे की नाही हे पाहण्यास महागडे उपकरण लागत नाही. पंखा चालू करावा, टॉर्च बंद ठेवावा, आणि पेटविलेली उदबत्ती टॉर्चच्या तोंडापाशी धरावी. धुराची रेघ न फाटता हूडमध्ये गेली तर ठीक. ती घुटमळली, बाजूला पसरली किंवा आपल्या हनुवटीकडे वळली, तर दुरुस्ती झाल्याशिवाय काम सुरू करू नये. हीच परीक्षा दार लावून, मग उघडून, आणि खुर्चीत नेहमीच्या पवित्र्यात बसून पुन्हा घ्यावी. माणूस बसला की धुराची वाट बदलते, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

स्वयंपाकघरातील चिमणी काचकामाला चालते, असाही एक समज आहे. जिचा डक्ट इमारतीबाहेर जात नाही आणि जी कोळशाच्या गाळणीतून हवा परत खोलीतच सोडते, ती चिमणी तेलकटपणा आणि वास थोपविते. कार्बन मोनॉक्साइडला ती मुळीच अडवीत नाही, आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी तिच्यावर विसंबणे म्हणजे फसगत आहे. कोविडच्या साथीने घराघरांत आणलेल्या एन-९५ मुखपट्टीचेही तसेच. ती कण गाळते, वायू गाळीत नाही.

कणांचा विषय मात्र वेगळा आहे, आणि येथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. काचेची पूड छातीत गेली की सिलिकोसिस होतो, असे काही जण म्हणतात. सिलिकोसिस होतो तो स्फटिकरूप सिलिकेने, आणि तयार काच ही अस्फटिक असते. तथापि एवढ्यावरून निश्चिंत होणे चूक ठरेल. मणी ज्या तारेवर वळतात तिला लावण्याचे मातीचे लेपण, भट्टीच्या फरशीवर लावण्याचा लेप, साच्याचे प्लॅस्टर यांत स्फटिकरूप सिलिका असू शकते. आणि भट्टीच्या अस्तराचा सिरॅमिक तंतू दीर्घकाळ तीव्र उष्णतेत राहिला की त्यातही ती निर्माण होते. लाल, नारिंगी व पिवळ्या काचेत बहुधा कॅडमियमची संयुगे असतात, काही काचांत शिसे असते. म्हणून मण्याचे भोक कोरडे खरवडू नये, पाण्याखाली साफ करावे; घासकाम ओले करावे; जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी; लेपण कालविताना मुखपट्टी बांधावी, येथे ती खरोखर उपयोगी आहे. ज्योतीवर चांदी किंवा सोने उडवून काचेवर झळाळी आणण्याची रीत, आणि त्याहून अधिक कथिलाच्या क्लोराइडचा फवारा, यांतून निघणारी वाफ अत्यंत तीव्र असते. उदबत्तीची परीक्षा निर्विवाद उत्तीर्ण झालेल्या हूडखेरीज हे प्रयोग करूच नयेत.

गॅसच्या बाबतीत लोक वासावर फार विश्वास ठेवतात. एलपीजीला मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो हे खरे, पण तो हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत, टेबलाखाली, पायऱ्यांच्या खळग्यात साचतो. वरचा हूड त्याला स्पर्शही करीत नाही, आणि खुर्चीत बसलेल्याच्या नाकापर्यंत तो उशिरा पोचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते, आणि ती विजेच्या बटनाचीही चालते. म्हणून गळतीची शंका येताच बटनाला हात न लावता, दारे उघडून, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. सिलिंडर उभाच ठेवावा, सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, ज्योत उलटी नळीत शिरू न देणारे अटकाव दोन्ही नळ्यांना बसवावेत. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकाकरिता दिलेला असतो. तो अन्य कामाला लावण्यास कायद्याने मनाई आहे, आणि त्याचा नेहमीचा रेग्युलेटर बदलून जास्त दाबाचा लावणे हा तर दुहेरी गुन्हा, कायद्याचा आणि शेजाऱ्यांचाही. वायूंच्या सिलिंडरांचे नियम पाहणारे केंद्र सरकारचे खाते, पेसो, आपल्या नागपुरातच आहे. साठ्याविषयी शंका असल्यास विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता ते नियम वाचावेत.

प्राणवायू स्वतः जळत नाही, यावरून तो निरुपद्रवी ठरविला जातो. तो इतर सर्व काही जाळतो. भरलेल्या सिलिंडरमधील दाबाखाली रेग्युलेटरवरचा तेलाचा एक थेंब आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून अडकलेला आटा सैल करण्यास तेल घालणे, जे एरवी घरातील सर्व कुरकुरींवरचे औषध असते, ते येथे प्राणघातक आहे.

डोळ्यांविषयी थोडक्यात. काचकारांच्या डोळ्यांना होणारा त्रास इटालियन वैद्य रामाझिनीने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविला होता, आणि त्यांना होणाऱ्या मोतीबिंदूवर उपाय म्हणून इंग्रज रसायनशास्त्रज्ञ क्रूक्सने १९१३ च्या सुमारास चष्म्याच्या खास काचा तयार केल्या. उन्हाचा काळा चष्मा या कामी निरुपयोगी आहे. डिडिमियमचा चष्मा सोडियमची झगझगीत पिवळी ज्योत पुसून काच स्पष्ट दाखवितो. परंतु अवरक्त किरण तो फारसे अडवीत नाही, म्हणून बोरोसिलिकेट काचेसारख्या अधिक तापणाऱ्या कामाला वेल्डिंगच्या छटेची जोड असलेला चष्मा लागतो.

आणि भाजणे. काच सुमारे ५२५ अंशांच्या खाली गेली की तिचा लाल उजेड मावळतो. चारशे अंशांची कांडी आणि थंड कांडी डोळ्यांना सारखीच दिसते. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. वाहत्या साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे तो भाग धरावा. अंगावर सुती कपडे असावेत, पदर खोचलेला, ओढणी बाजूला ठेवलेली, केस बांधलेले असावेत.

ज्यांच्या घरात डक्ट बाहेर काढण्यास भिंत नाही, येणाऱ्या हवेला वाट नाही, किंवा गृहनिर्माण संस्थेची अशा कामाला परवानगी नाही, त्यांनी तूर्त घरी टॉर्च पेटवू नये; जेथे हूड आणि पंख्याची नीट व्यवस्था आहे अशा शिक्षकाच्या किंवा सामायिक कार्यशाळेत तासाच्या भाड्याने जागा घेऊन काम करावे. आणि ज्यांना घरीच करावयाचे आहे, त्यांनी खरेदीच्या यादीत टॉर्च सर्वांत शेवटी लिहावा.